स्कारफेसच्या एकल अल्बमांतली मागे राहिलेली गाणी

तबकडी:

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या स्कारफेस ह्या रॅपरचे नाव निघाले की गप्पा चार-पाच गाण्यांच्या पुढे सरकत नाहीत, ही गोष्ट मला बरीच वर्षे खटकत आली आहे. 'गेटो बॉइज' ह्या त्रिकुटाचे 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी' सगळ्यांना ठाऊक असते, रॅपर टुपाकसोबतचे 'स्माइल' आणि 'आय सीन अ मॅन डाय' बहुतेकांना ठाऊक असते, आणि जे २००२ नंतर ऐकू लागले ते 'ऑन माय ब्लॉक'चे नाव घेतात. ब्रॅड जॉर्डन नावाच्या ह्या माणसाने १९९१च्या 'मिस्टर स्कारफेस इज बॅक'पासून २०१५च्या 'डीपली रूटेड'पर्यंत जवळपास पाव शतक स्वतःच्या एकट्याच्या नावावर अल्बम काढले आहेत, आणि त्यांतला मोठा भाग कोणी काढून ऐकत नाही.

माझे म्हणणे असे की गाजलेली गाणी उत्तमच आहेत, पण मरणाची भीती, गेलेल्यांशी चाललेले बोलणे आणि स्वतःच्याच मनावर नसलेला भरवसा हे त्याचे जे खरे विषय आहेत, ते त्याने सर्वांत निर्भीडपणे मांडले ते सिंगल (अल्बममधून वेगळे काढलेले गाणे) न झालेल्या किंवा सिंगल होऊनही विस्मरणात गेलेल्या गाण्यांत. उदाहरण म्हणून पहिल्याच अल्बममधले 'आयॅम डेड' घ्या. तो अल्बम ऑक्टोबर १९९१मध्ये आला तेव्हा स्कारफेसला एकविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्या वयातला रॅपर आपण किती जणांना पुरून उरलो ते सांगतो. हा मुलगा स्वतःच्या मरणाचे वर्णन करतो, तेही शौर्याचा आव न आणता, आपल्याला काय होते आहे हे न कळणाऱ्या माणसाच्या गोंधळलेल्या आवाजात.

तुमच्या मते त्याची अशी मागे राहिलेली गाणी कोणती, आणि ती मागे का राहिली? दोनच विनंत्या आहेत. गाणी त्याच्या एकल अल्बमांतलीच घ्यावीत, आणि नुसती यादी न देता त्या गाण्यात काय ऐकू येते ते लिहावे.

रेवदंडकर:

विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. माझे मत 'द डायरी'वरच्या 'नो टिअर्स'ला. मित्र गेल्यावर रडायचे नाही आणि हिशेब चुकता करायचा, एवढाच त्याचा विषय आहे, पण त्या न रडण्यामागे किती जड काहीतरी दाबून ठेवलेले आहे ते त्याच्या आवाजात कळते.

पायरी:

'नो टिअर्स'ला अज्ञात कसे म्हणता येईल? १९९९च्या 'ऑफिस स्पेस' ह्या चित्रपटाच्या सुरुवातीला वाहतुकीच्या कोंडीत अडकलेला नोकरदार गाडीत तेच गाणे जोरजोरात म्हणत असतो. अमेरिकेतल्या कितीतरी लोकांना ते गाणे तिथूनच माहीत आहे.

रेवदंडकर:

प्रसंग माहीत आहे, गाणे माहीत नाही, असे मी म्हणेन. चित्रपटात ते हसवण्यासाठी आहे आणि काही क्षणांत आवाज कमी होतो. पूर्ण ऐकलेल्यांची संख्या त्यामुळे वाढली असे मला दिसत नाही.

मध्यलय:

मी ह्या चर्चेत वाद्यांच्या बाजूने येतो, कारण स्कारफेसच्या शब्दांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्याच्या नादावर फार कमी. १९९४चा 'द डायरी' मुख्यतः एन. ओ. जो, माइक डीन आणि स्वतः स्कारफेस ह्यांनी घडवला. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये जुन्या तबकड्यांचे तुकडे कापून, जोडून ठेका तयार करण्याची पद्धत ऐन भरात होती. ह्यूस्टनला ह्या मंडळींनी बेस, गिटार आणि ऑर्गन प्रत्यक्ष वाजवून त्यावर गाणी उभी केली. एन. ओ. जो मूळचा न्यू ऑर्लिन्सचा, आणि त्याच्या ऑर्गनमध्ये चर्चचा वास आहे. रक्तपाताच्या गोष्टीखाली प्रार्थनेचे स्वर वाजत राहतात आणि ऐकणाऱ्याला नेमके कुठे उभे राहावे ते कळत नाही.

त्या अल्बममधले 'द व्हाइट शीट' मोठ्या आवाजात ऐकून पाहा. खालचा बेस जागचा हलत नाही, आणि स्कारफेस शब्द ठेक्यावर न टाकता किंचित मागे ठेवतो. आपल्याकडे विलंबित गाणारा सम हातात असूनही जरा थांबून तिच्यावर येतो, तसा तो ओळीच्या शेवटच्या शब्दावर येतो. बोलणे घाईचे नसल्यामुळे धमकी धमकीसारखी न वाटता घडून गेलेल्या गोष्टीच्या जबानीसारखी वाटते. हा गुण 'आय सीन अ मॅन डाय'मध्येही आहे, पण तिथे गोष्टच इतकी मोठी आहे की कानाचे लक्ष तिच्याकडेच राहते.

शिवाय 'द डायरी' पाऊण तासाच्या आत संपतो. त्यातले एक गाणे उचलून ऐकवणे मला थोडे अन्यायाचे वाटते, कारण आधीच्या गाण्यातला खून पुढच्या गाण्यात पश्चात्ताप होऊन येतो.

बायूकाठ:

मी शुगर लँडला राहतो, ह्यूस्टनच्या अगदी शेजारी, त्यामुळे जागेविषयी थोडे लिहितो. बाहेरचे लोक स्कारफेसला शहरातल्या फिफ्थ वॉर्ड ह्या भागाचा समजतात, कारण गेटो बॉइज आणि त्यांची गाणी काढणारी रॅप-अ-लॉट कंपनी ह्यांचे नाव त्या भागाशी जोडले गेले आहे. तो वाढला तो शहराच्या दक्षिणेला, साउथ एकर्समध्ये. ह्यूस्टनमध्ये उत्तर बाजू आणि दक्षिण बाजू हा भेद रॅपमध्ये फार महत्त्वाचा होता, म्हणून १९९७च्या 'द अनटचेबल'वरचे 'साउथसाइड' हे गाणे इथल्या माणसाला वेगळे ऐकू येते. अमेरिकेच्या इतर भागांत ते अल्बममधले आणखी एक गाणे आहे, इथे तो पत्ता आहे.

डीजे स्क्रू हाही दक्षिण बाजूचाच. तबकड्यांचा वेग उतरवून, ओळी तोडून-जोडून केलेल्या त्याच्या टेप्स इथल्या गाड्यांत वाजत असत, आणि नोव्हेंबर २०००मध्ये तो वारल्यानंतरही वाजत राहिल्या. इथे गाणे रेडिओने उचलले की नाही ह्यावर त्याचे आयुष्य ठरत नव्हते. तबकडीच्या मूळ प्रश्नाला त्यामुळे एक पुरवणी जोडावीशी वाटते: मागे राहिलेली म्हणजे कोणासाठी मागे राहिलेली?

माझा एक सहकारी त्याच भागात वाढलेला आहे. धाकट्या भावाच्या दफनविधीहून परत येताना त्यांच्या गाडीत 'द डायरी' लावली होती, असे त्याने मला एकदा सांगितले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकाही त्या गाडीत होत्या, आणि एरवी शिव्यांच्या पहिल्या शब्दाला आवाज बंद करायला लावणाऱ्या त्या बायकांनी त्या दिवशी तो अल्बम शेवटपर्यंत वाजू दिला.

निळीशाई:

वरचे सगळे प्रतिसाद आवडले, तरी एक गोष्ट स्पष्टपणे मांडायला हवी असे मला वाटते. पहिले दोन अल्बम, म्हणजे १९९१चा 'मिस्टर स्कारफेस इज बॅक' आणि १९९३चा 'द वर्ल्ड इज युअर्स', ह्यांत स्त्रियांविषयी जे बोलले गेले आहे ते मला सहन होत नाही. 'काळच तसा होता' हे उत्तर मला पटत नाही, कारण त्याच काळात तसे न बोलणारेही रॅपर होते. हिंसेचे मी समजू शकते, तिथे तो मारणाऱ्याच्या डोक्यात शिरून आपल्याला आतला गोंधळ दाखवतो. बायकांच्या बाबतीत तो कोणाच्याच डोक्यात शिरत नाही, त्या फक्त वापरल्या जातात. नव्या ऐकणाऱ्याला मागे राहिलेले हिरे म्हणून आपण ही गाणी देणार असू, तर काही गाणी मागे राहिली हे योग्यच झाले, असेही म्हणायची तयारी आपण ठेवावी.

हे लिहूनही दुसऱ्या अल्बममधल्या 'नाऊ आय फील या'साठी मी कोणाशीही भांडेन. ते सिंगल म्हणून निघाले होते, पण आज त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. वाढत्या वयात आईवडिलांचे न ऐकलेले बोल स्वतः बाप झाल्यावर कसे समजू लागले, एवढाच त्याचा विषय. त्यात गुन्हेगारीची फुशारकी नाही. घरातून बाहेर पडलेल्या, चुकलेल्या आणि आता हातात मूल असलेल्या माणसाचे ते संथ, लांबलचक बोलणे आहे. बावीस वर्षांच्या माणसाने ते लिहिले ह्याचे मला दर वेळी नवल वाटते.

तबकडी:

निळीशाई, तुमच्या आक्षेपाशी मी सहमत आहे, आणि 'मागे राहिली हे योग्यच झाले' हे वाक्य ह्या चर्चेत यायलाच हवे होते. पहिल्या अल्बममधली काही गाणी मीही कोणाला ऐकवत नाही. मात्र त्याच अल्बममधले 'अ मिनिट टू प्रे अँड अ सेकंड टू डाय' ऐकावे अशी विनंती आहे. मार्विन गेच्या १९७१च्या 'इनर सिटी ब्लूज'मधला भाग त्याखाली वाजतो, आणि त्या जुन्या गाण्यातली हताशा नव्या गोष्टीला आपोआप मिळते. पुढच्या स्कारफेसची सगळी बीजे त्यात आहेत.

बायूकाठ ह्यांच्या पुरवणी प्रश्नावर विचार करतो आहे.

गोदाकाठ:

मराठी वाचकाला स्कारफेस ऐकताना नामदेव ढसाळ आठवणे अपरिहार्य आहे, असे मला वाटते. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले होते, त्यामुळे हे नाते ओढूनताणून आणलेले नाही. सभ्य समाज ज्या वस्तीकडे पाठ फिरवतो तिथली भाषा तिच्या शिव्यांसकट कवितेत आणणे, आणि ती वाचणाऱ्याला सुखाने बसू न देणे, हे दोघांनीही केले.

निळीशाई:

गोदाकाठ, भाषेच्या बाबतीत तुमची तुलना पटते, पण तिथे थांबायला हवे. ढसाळांच्या कवितेत वेश्यावस्तीतल्या बाईचा माणूस म्हणून विचार आहे आणि तिच्यासाठीचा संताप आहे. स्कारफेसच्या सुरुवातीच्या गाण्यांत तो मला सापडत नाही. शिवाय ढसाळांचा राग व्यवस्थेवर आहे, तर स्कारफेसचा बहुतांशी स्वतःवर उलटतो. ह्या दुसऱ्या गोष्टीमुळेच तो मला वेगळा वाटतो, आणि तुलनेत नेमकी तीच हरवते.

गोदाकाठ:

'स्वतःवर उलटतो' हे निरीक्षण अचूक आहे. ते लक्षात ठेवून 'द वर्ल्ड इज युअर्स' पुन्हा ऐकेन.

पायरी:

मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. ज्याने आजवर फक्त 'स्माइल' ऐकले आहे, त्याने कोणत्या क्रमाने पुढे जावे?

मध्यलय:

आधी 'द डायरी' सलग, मग 'द फिक्स', मग 'द लास्ट ऑफ अ डाइंग ब्रीड', आणि त्यानंतर मागे जाऊन पहिले दोन. १९९८चा 'माय होमीज' हा दुहेरी अल्बम आणि त्याचा २००६चा दुसरा भाग सगळ्यांत शेवटी ठेवावा. त्यांत पाहुणे इतके आहेत की स्कारफेसला शोधावे लागते.

दुसरीबाजू:

'द फिक्स'चा उल्लेख एवढ्या उशिरा यावा ह्याचे आश्चर्य वाटले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. हा अल्बम ऑगस्ट २००२मध्ये डेफ जॅम कंपनीच्या दक्षिणेतल्या शाखेने, डेफ जॅम साउथने काढला. त्या शाखेचा प्रमुख स्वतः स्कारफेसच होता, आणि लुडाक्रिसला करारबद्ध करणारा तोच. 'द सोर्स' ह्या रॅपविषयक मासिकाने त्याला पूर्ण पाच माइक, म्हणजे सर्वोच्च गुण दिले, आणि तो मान फार थोड्या अल्बमांना मिळालेला आहे. 'ऑन माय ब्लॉक' आणि जे-झी व बीनी सीगलसोबतचे 'गेस हूज बॅक' ही दोन गाणी गाजली, आणि अल्बमच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर त्यांची सावली पडली.

त्या दुसऱ्या भागातले 'इन बिटवीन अस' माझ्या मते त्याच्या पहिल्या पाच गाण्यांत बसते. त्यात नास पाहुणा आहे आणि टान्या हेरॉनचा आवाज आहे. दोन मोठे रॅपर एका गाण्यात आले की कोण वरचढ ठरतो ते मोजायची सवय आपल्याला लागली आहे, पण इथे दोघेही आवाज खाली ठेवतात. विषय आहे जवळच्या माणसांमध्ये राहणाऱ्या गुपिताचा आणि त्या गुपिताच्या दगाफटक्याचा. दोघांनाही आपण गोष्ट कोणाला सांगतो आहोत ह्याचे भान आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला चोरून ऐकल्यासारखे होते.

त्यानंतरचे 'हेवन' कान्ये वेस्टने घडवलेले आहे आणि त्यात केली प्राइस गाते. २००२मध्ये कान्येचा स्वतःचा अल्बम अजून यायचा होता. स्वतःच्या गाण्यांत पुढे तो ईश्वराशी जे बोलला, त्याची पूर्वतयारी मला ह्या गाण्यात ऐकू येते. फरक एवढाच की स्कारफेस ईश्वरासमोर उभा राहतो तो हिशेब द्यायला, मागणे मागायला नव्हे.

मध्यलय:

'द फिक्स' उत्तम आहे हे मान्य, पण तो सगळ्यांत चांगला आहे हे मला मान्य नाही. कान्ये वेस्ट, नेपच्यून्स, फेथ इव्हान्स, नास, जे-झी ही नावे पाहिली की लक्षात येते की दक्षिणेच्या माणसाला देशभर नेण्याची ही योजना होती, आणि ती योजना ऐकू येते. 'समडे' सुरेल आहे, परंतु तो ठेका त्या वर्षी इतर कोणालाही देता आला असता. 'द व्हाइट शीट'चा ठेका इतर कोणाला देताच आला नसता.

दुसरीबाजू:

ठेका कोणाचा ह्यापेक्षा त्याच्यावर काय ठेवले ते मला महत्त्वाचे वाटते. 'सेलआउट'मध्ये तो नेमक्या ह्याच आरोपाला उत्तर देतो. बाहेर पडलेल्या, पैसा कमावलेल्या माणसाकडे वस्ती कशी पाहते आणि त्याला ते कसे बोचते, हे तो योजनेतल्या अल्बममध्येच बसून सांगतो. हे बळ मला कमी वाटत नाही.

रेवदंडकर:

दोघांचेही म्हणणे पटले. मात्र 'द लास्ट ऑफ अ डाइंग ब्रीड'वर कोणी लिहिणार आहे का?

शेवटची_गाडी:

मी लिहितो, कारण २०००चा हा अल्बम सर्वांत अन्यायग्रस्त आहे असे माझे मत आहे. त्या सुमारास रॅप-अ-लॉट कंपनीवर अमेरिकेच्या केंद्रीय अमली पदार्थ विभागाचा तपास चालू होता. तो तपास ज्या रीतीने हाताळला गेला त्यावर डिसेंबर २०००मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर सुनावणीही झाली. हे ठाऊक असले की पहिले गाणे 'लुक मी इन माय आइज' केवळ नेहमीची पोलिसांविरुद्धची तक्रार राहत नाही. आपल्यावर नजर आहे हे माहीत असलेला माणूस त्यात बोलतो आहे. गेटो बॉइजच्या 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी'मध्ये त्याला जी माणसे मागावर असल्यासारखी वाटत होती ती भासातली होती. नऊ वर्षांनी ती खरोखरच दारात आलेली आहेत. एकाच कलावंताच्या दोन गाण्यांमध्ये असे काही घडलेले मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

त्याच अल्बमवर पोर्ट आर्थरच्या यूजीके ह्या जोडीसोबतचे 'दे डाउन विथ अस' आहे. त्यात बूगी डाउन प्रॉडक्शन्सच्या 'आयॅम स्टिल नंबर वन'चा ठेका पुन्हा वापरला आहे. पोर्ट आर्थर आणि ह्यूस्टनची मंडळी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या जुन्या ठेक्यावर येतात, आणि रॅप म्हणजे न्यूयॉर्क हे समीकरण कोणाशीही न भांडता मागे पडते. अल्बममधल्या मोकळ्या श्वासाच्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे. जे-झीसोबतचे 'गेट आउट' ह्याच अल्बमवर आहे, पण त्यापेक्षा हे कितीतरी सरस आहे.

दुसरीबाजू:

जे-झीचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या २०००च्या 'द डायनॅस्टी'वरच्या 'धिस कान्ट बी लाइफ'मधले स्कारफेसचे कडवे राहून गेले, असे म्हणावेसे वाटते. ध्वनिमुद्रणाच्या वेळीच त्याला मित्राचे मूल गेल्याचा फोन आला आणि त्याने तेच कडव्यात आणले, ही हकीकत स्वतः जे-झीने सांगितलेली आहे.

तबकडी:

ते कडवे अप्रतिम आहे, पण ते दुसऱ्याच्या अल्बमवर आहे. त्यासाठी वेगळा धागा काढावा, मी तिथे नक्की येईन. इथे एकल अल्बमांवरच राहू या.

एक सूचना नव्या ऐकणाऱ्यांसाठी. २००३मध्ये 'बॉल्स अँड माय वर्ड' ह्या नावाने जो अल्बम आला तो जुन्या, न वापरलेल्या ध्वनिमुद्रणांतून त्याच्या सहभागाशिवाय तयार केला गेला, आणि त्याने तो आपला मानलेला नाही. मागे राहिलेली गाणी शोधताना लोक उत्साहाने तिथे जातात. कलावंताने जे बाहेर ठेवले होते ते त्याच्या इच्छेविरुद्ध आलेले असताना आपण ते त्याच्या कामात धरू नये, असे मला वाटते.

पायरी:

गाणे चांगले असेल तर ऐकणाऱ्याने का सोडावे?

तबकडी:

ऐकावे, जरूर ऐकावे. पण स्कारफेसने अमुक अल्बम असा रचला, अमुक गाणे अमुक जागी ठेवले, असे विधान त्याच्या आधाराने करू नये, एवढेच. त्याच्या अल्बमांत क्रमाला अर्थ असतो.

पानगळ:

इतके दिवस नुसती वाचते आहे, आज लिहिते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे ह्या गाण्यांकडे माझे पाहणे थोडे वेगळे आहे. स्कारफेसने २०१५च्या आपल्या आत्मकथनात किशोरवयातला आत्महत्येचा प्रयत्न आणि मानसोपचार रुग्णालयातले दिवस ह्यांविषयी उघडपणे सांगितले आहे. ते वाचल्यावर पहिल्या अल्बममधले 'डायरी ऑफ अ मॅडमन' आणि दुसऱ्यातले 'द वॉल' ही गाणी भयकथेच्या शैलीतला खेळ म्हणून ऐकता येत नाहीत. नैराश्य हा शब्द ज्या घरांत कोणी उच्चारत नव्हते तिथल्या मुलाने, जी भाषा हाताशी होती तिच्यात, म्हणजे बंदूक, पोलीस आणि पाठलाग ह्यांच्या भाषेत, स्वतःच्या आजाराची लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. झोप न येणे, कोणीतरी पाहते आहे ही खात्री, आपल्या हातून काय होईल ह्याची धास्ती. माझ्याकडे येणारे तरुण हेच सांगतात, फक्त त्यांच्याकडे ठेका नसतो.

माझी निवड मात्र फार नंतरची आहे. २००७च्या 'मेड' ह्या अल्बममधले 'द सुइसाइड नोट'. मित्राने स्वतःला संपवल्यानंतर मागे उरलेल्याचे ते गाणे आहे. ह्या विषयावरची बहुतेक गाणी एक तर मरणाऱ्याला हळवे करतात नाही तर ऐकणाऱ्याला उपदेश करतात. इथे बोलणारा माणूस गोंधळलेला आहे, चिडलेला आहे, आणि आपण काय करू शकलो असतो ह्या प्रश्नाभोवती फिरत राहतो. उत्तर तो देत नाही, कारण त्याच्याकडे ते नाही. ज्या मुलाने वीस वर्षांपूर्वी तोच प्रयत्न केला होता तो आता दुसऱ्या बाजूला उभा आहे, हे मनात ठेवून ऐकले तर गाण्याचे वजन आणखी वाढते.

निळीशाई:

पानगळ, तुमच्या प्रतिसादामुळे 'द वॉल' वेगळ्या कानाने ऐकले. 'मेड' मी ऐकलेलाच नव्हता, तो आता लावला आहे. त्यातले 'हू डू यू बिलीव्ह इन'सुद्धा फार थेट आहे. वस्तीतली मुले एकमेकांना मारत असताना आपण नेमका कोणावर विश्वास ठेवतो, हा प्रश्न तो वस्तीलाही विचारतो आणि आकाशालाही.

बायूकाठ:

'मेड' हा उत्तरायुष्यातला सर्वांत एकसंध अल्बम आहे, आणि एन. ओ. जोचा हात तिथे पुन्हा ऐकू येतो. डिसेंबर २००८मध्ये 'एमेरिटस' आला तो अखेरचा अल्बम म्हणूनच जाहीर झाला होता. त्यातले बिलालसोबतचे 'कान्ट गेट राइट' मला प्रिय आहे. 'डीपली रूटेड' येईपर्यंत मग सात वर्षे लोटली. त्यातले जॉन लेजंडसोबतचे 'गॉड' ऐकले तर 'हेवन'मध्ये सुरू झालेले बोलणे कुठवर आले आहे ते कळते. आवाज जाड झाला आहे, वेग आणखी उतरला आहे, आणि घाबरणे पुष्कळ कमी झाले आहे.

नंतरची हकीकत अनेकांना ठाऊक असेल. २०२०मध्ये कोविडने त्याची मूत्रपिंडे निकामी केली आणि २०२१मध्ये त्याच्या मुलाने त्याला स्वतःचे मूत्रपिंड दिले. 'नाऊ आय फील या' निळीशाईंनी वर सुचवले आहेच, ते ह्या माहितीसह पुन्हा ऐकावे.

मध्यलय:

डिसेंबर २०२३मधली एनपीआर ह्या अमेरिकी रेडिओच्या 'टायनी डेस्क' मालिकेतली मैफल पाहिली नसेल त्यांनी आवर्जून पाहावी. माइक डीन की-बोर्डवर आहे आणि स्कारफेस मधूनमधून गिटार हातात घेतो. गाणी बहुतेक गाजलेलीच आहेत, पण वाद्ये प्रत्यक्ष वाजतात तेव्हा ह्या संगीताची रचना किती भक्कम होती ते उघड दिसते. त्या मैफलीनंतर अनेक तरुण श्रोते 'द डायरी'कडे वळलेले मी पाहिले आहेत.

तबकडी:

आता बायूकाठ ह्यांच्या प्रश्नाकडे येतो, कारण ही गाणी मागे का राहिली ह्याचे उत्तर तिथेच दडलेले आहे. नव्वदच्या दशकात रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर काय जाणार ते न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिसमध्ये ठरत होते. दक्षिणेच्या अल्बममधून एखादे गाणे निवडले जाई, तेही बहुधा बाहेरचा नावाजलेला पाहुणा असलेले. 'स्माइल' लोकांपर्यंत पोहोचले ह्यात टुपाकच्या मृत्यूचा मोठा वाटा आहे. तो सप्टेंबर १९९६मध्ये गेला आणि ते गाणे असलेला 'द अनटचेबल' पुढच्या वर्षी आला. तो अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, म्हणजे तो लाखो घरांत होता. तरीही त्यातली पाहुण्यांविना असलेली गाणी घराबाहेर चर्चेत आली नाहीत.

म्हणून मी माझा प्रश्न थोडा बदलतो. ह्यूस्टनमध्ये, मेम्फिसमध्ये, पोर्ट आर्थरमध्ये ही गाणी मागे राहिली नव्हतीच. जिथे रॅपचा इतिहास लिहिला जातो तिथे ती पोहोचली नाहीत, आणि आपण तो लिहिलेला इतिहास वाचून ऐकायला बसलो.

शेवटची_गाडी:

ह्याच्याशी पूर्ण सहमत. आता प्रवाहावर (स्ट्रीमिंगवर) ऐकण्याच्या काळात पुन्हा तेच होते आहे. कलावंताच्या पानावर वरची पाच गाणी दिसतात आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात.

पायरी:

मध्यलय ह्यांनी दिलेल्या क्रमाने सुरुवात केली. 'द डायरी' सलग ऐकला. 'आय सीन अ मॅन डाय' मी आधी सुटे ऐकले होते. सात वर्षांनी तुरुंगातून सुटलेला मुलगा बापाला भेटतो तिथून ती गोष्ट सुरू होते आणि त्याच्या शेवटच्या श्वासापाशी संपते, एवढे माहीत होते. आधीच्या गाण्यांतले सगळे मुडदे ऐकून झाल्यावर ते आले तेव्हा मात्र इतका वेळ बढाई मारणारा तोच आवाज मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याला धीर देतो आहे असे वाटले. सुटे ऐकताना हे मला कधीच जाणवले नव्हते. मला वाटते, 'जेसी जेम्स' आणि 'द व्हाइट शीट' ही गाणी त्याच्या आधी असायलाच हवीत. उद्यापासून 'द फिक्स' सुरू करतो, आणि 'इन बिटवीन अस' ऐकून झाले की इथे लिहितो.

दुसरीबाजू:

जरूर लिहा. मात्र ते गाणे थेट लावू नका, 'सेफ'पासून सुरुवात करून क्रमाने तिथवर या.